मिठाच्या महालातला माळी

माझी वहिनी कवळ्या बनवते. दवाखान्यातल्या खुर्चीशेजारी उभी राहून दात काढते ती डॉक्टर वेगळी. त्या डॉक्टरनं घेतलेलं तोंडाचं माप जिच्या लॅबमध्ये येतं, त्यावरून जी प्लॅस्टरचा जबडा ओतते, मेणात एकेक दात बसवते आणि एखाद्या आजोबांना पुन्हा चारचौघांत तोंड उघडून हसता येईल अशी सोय करते, ती माझी वहिनी. तिला माणूस भेटला की आधी त्याचं तोंड दिसतं, मग माणूस. माझी-तिची पहिली भेट झाली तेव्हा तिनं माझं नावसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, "तू झोपेत दात खातेस का गं?" मी खाते. तेव्हापासून मी तिच्यापुढे जरा जपूनच हसते.

तर अशी ही बाई. केसाएवढा फरक राहिला तरी कवळी टोचते, हे तिनं इतक्या वेळा अनुभवलंय की आता तिला घरातली पोळपाट-लाटण्याची जागासुद्धा केसाएवढी हललेली खपत नाही. आमचा दादा, म्हणजे तिचा नवरा, बस डेपोत वेळापत्रकं लावतो आणि घरी आल्यावर स्वतः वेळापत्रकाप्रमाणे चालतो, म्हणून त्यांचा संसार सुरळीत आहे. मी शाळेत खेळ शिकवते आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. माझा स्वभाव दोघांच्याही अगदी उलट. समोर काही आडवं आलं की आधी धडक मारायची, मग विचार करायचा, ही माझी रीत. वहिनीच्या दुसऱ्या वेडात मी सापडले ती याच स्वभावापायी.

तिचं दुसरं वेड म्हणजे तिचा खेळ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण मलाही आधी तो रिकामटेकड्यांचा उद्योग वाटायचा. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कुणी मांत्रिक, कुणी चोर, कुणी वैद्य. सूत्रधार सांगतो, "समोर दार आहे आणि दारामागे कुणीतरी घोरतंय." तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. यात जिंकणं नाही की हरणं नाही. मरणं मात्र आहे, आणि आपण कसे मेलो याच्या गोष्टी लोक वर्षानुवर्षं तिखटमीठ लावून सांगत बसतात. मी पहिल्याच दिवशी कुऱ्हाडवाली झाले आणि घोरणाऱ्याचं दार लाथेनं उघडलं. त्यानंतर माझा एकही रविवार मोकळा गेलेला नाही.

सूत्रधाराला सगळंच मनानं रचावं लागू नये म्हणून तयार मोहिमांची पुस्तकं असतात. महालाचा किंवा गुहेचा नकाशा, कुठल्या खोलीत कोण दबा धरून बसलंय, कुठली फरशी खचते, कुणाला किती मार लागला की तो मरतो, असं सगळं त्यात असतं. घोळ असा की दर काही वर्षांनी खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती निघते. नियम बदलले की जुन्या मोहिमा जशाच्या तशा चालत नाहीत. मग त्या बिचाऱ्या कपाटात पडून राहतात. वहिनी अशा मोहिमा बाहेर काढते आणि नव्या नियमांत बसवते. लॅबमधली कामं संपली की त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली, नाकावर तोच चष्मा.

मला वाटायचं, यात काय एवढं? जुना अंक खोडायचा, नवा लिहायचा. असं मी एकदा बोलून गेले आणि वहिनीनं हातातली मेण कापायची सुरी खाली ठेवली.

"अगं, नुसते अंक बदलून भागत असतं तर कशाला एवढी डोकेफोड केली असती मी? जुन्या नियमांत माणूस पटकन मरायचा. म्हणून तो दबकत चालायचा, दाराला कान लावायचा. नव्या नियमांत माणूस चिवट झालाय. रात्रभर झोपला की सकाळी जखमा गायब! अशा माणसाला जुन्या महालात सोडलंस तर तो शिट्टी वाजवत फिरेल."

"मग?"

"मग त्याला पुन्हा घाबरवायचं. राक्षस दुप्पट करून नाही, ते कुणीही करेल. आधी कशाची भीती वाटत होती ते शोधायचं."

ती तेव्हा ज्या मोहिमेवर काम करत होती तिचं नाव 'मिठाचा महाल'. खूप जुनं, बारीकसं पुस्तक. डोंगराच्या पोटात सबंध मिठात कोरलेला महाल, आत झोपलेली राणी, आणि तिच्यापर्यंत पोचायच्या वाटेवर एकाहून एक अवघड खोल्या. आमच्या शहरातल्या जुन्या खेळाडूंच्या तोंडी आजही या महालाचं नाव असतं. नव्या पोरांना मात्र तो खेळताच येत नाही, कारण ते जुने नियम आता कुणाला येत नाहीत. वहिनीनं यावर तोड काय काढावी? तिनं राक्षसांना हातही लावला नाही. तिनं झोप महाग केली. मिठात झोपलात तर सकाळी ओठ फुटलेले, घसा कोरडा, अंगातली निम्मी ताकद गेलेली. म्हणजे झोपायची सोयच नाही! जखमा तशाच अंगावर घेऊन पुढे जायचं! हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी जागच्या जागी टाळी वाजवली आणि शेल्फवरचा कुणाचा तरी प्लॅस्टरचा जबडा खाली पाडला.

अंकांचं कामही होतंच, आणि ते ती कवळीच्या मापासारखं करायची. त्यातली एक गंमत सांगते. प्रत्येक पात्राला एक संरक्षण-अंक असतो. जुन्या नियमांत हा अंक जितका लहान तितकं कवच भक्कम. पोलादी पहारेकऱ्याचा तीन, उघड्या अंगाच्या माणसाचा एकोणीस. नव्या नियमांत सगळं उलटं: अंक जितका मोठा तितका माणूस अभेद्य, आणि फाशावर तेवढे किंवा त्याहून जास्त पडले तरच त्याला फटका लागतो. म्हणून प्रत्येक जुना अंक विसातून वजा करायचा. तीनचे सतरा करायचे. वहिनी एकेक अंक उलटायची, त्यावर पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायची आणि पुढे जायची.

खेळांच्या सामानाचं दुकान चालवणारा एक गृहस्थ ही नवी आवृत्ती छापायला एका पायावर तयार होता. अडचण एकच. मूळ लेखकाची परवानगी हवी होती. ती नसेल तर वहिनीचं दोन-अडीच वर्षांचं काम तिच्याच कपाटात जाऊन पडणार होतं, आणि महाल त्या म्हाताऱ्या पुस्तकाबरोबरच संपणार होता. वहिनीला दुसऱ्या गोष्टीचं जास्त वाईट वाटत होतं. "आपलं सोड," ती म्हणायची, "पण नवी पोरं त्या राणीपर्यंत कधी पोचणारच नाहीत गं."

लेखक म्हणजे वीजमीटर तपासणारे एक निवृत्त काका. सगळे त्यांना मीटरकाका म्हणतात. आयुष्यभर लोकांच्या घरी जाऊन जिन्याखाली, कपाटामागे, तळघरात बॅटरी मारत फिरलेला माणूस. असा माणूस महाल लिहिणार नाही तर कोण लिहिणार! आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी दार उघडलं आणि आम्ही कशाला आलोय ते ऐकून आतल्या बाजूला हाक मारली, "अहो, तुमच्या महालाची माणसं आलीत!"

काका खिडकीशी बसले होते. उंच, सडपातळ, भुवया अशा दाट की त्यांच्या आड डोळे शोधावे लागावेत. आमचं बोलणं पुरतं व्हायच्या आतच त्यांनी हात झटकला.

"नाही. मागे एकानं असंच नवं करतो म्हणून नेलं, आणि माझ्या राणीला गाणं म्हणायला लावलं. गाणं! शेकडो वर्षं झोपलेली बाई, उठल्या उठल्या पाणी मागेल की गाणं म्हणेल?"

मी वाद घालायला तोंड उघडणार होते, पण वहिनीनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि पिशवीतून तिची जुनी प्रत काढली. शिवण सुटलेली, चिकटपट्ट्या लावलेली.

"काका, परवानगीचं राहू द्या. एक शंका आहे तेवढी सांगा. पाचव्या खोलीतला जिना मजकुरात खाली जातो आणि नकाशात वर जातो. खरं काय?"

काकांच्या भुवया वर गेल्या आणि खालचे डोळे पहिल्यांदा दिसले. "खाली," ते म्हणाले. "जिना खाली जातो. छापणाऱ्यानं नकाशाचा ठसा उलटा लावला. मी केव्हापासून वाट बघतोय कुणीतरी हे विचारेल म्हणून." मग त्यांनी ती जुनी प्रत हातात घेतली. "तुम्ही खोल्या हलवल्यात का?"

"एकही नाही. दारंसुद्धा नाहीत."

"हं. मग असं करा. मला खेळवा. मी खेळाडू म्हणून बसतो. कंटाळा आला की उठेन. मी उठलो की समजायचं, परवानगी नाही. शेवटपर्यंत बसलो तर छापा."

घरी येताना मी रस्ताभर नाचत होते. वहिनी मात्र कोपऱ्यावर वळताना एकदम थांबून म्हणाली, "अगं, पण त्यांनीच लिहिलाय तो महाल. त्यांना त्यातलं सगळंच पाठ असणार. मी एकही दार हलवलं नाही. मग त्यांना कंटाळा येणार नाही तर काय होणार?" हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझे पाय आपोआप जमिनीवर आले.

मेणातली कवळी पक्की करण्याआधी पेशंटच्या तोंडात घालून बघतात, त्याला वहिनी ट्रायल म्हणते. या खेळालाही ती तेच म्हणाली. लॅबला रविवारी सुट्टी असते, म्हणून सकाळीच लॅबच्या लांब टेबलावर मांडामांड झाली. भट्टी बंद, घासायची मशीन फडक्याखाली, शेल्फवर प्लॅस्टरच्या जबड्यांच्या रांगा. टेबलावर नकाशा, आणि त्यावर वहिनीनं कवळीच्या गुलाबी मेणात केलेल्या बोटभर मूर्ती: माझी कुऱ्हाडवाली, दादाचा वैद्य, आणि काकांसाठी दाढीवाला मांत्रिक, हातात काठी. काकांनी आपली मूर्ती उचलून दिव्यासमोर धरली. "भुवया छान केल्यात," एवढंच म्हणाले.

आणि जे व्हायचं तेच व्हायला लागलं.

"डावीकडे पाय ठेवू नका, फरशी खचते," काका म्हणाले. मी फरशीवर पाय ठेवलासुद्धा नव्हता. पुढच्या खोलीत एक पेटी होती. "रिकामी आहे." त्याच्या पुढे कुजबुज ऐकू येत होती. "वारा आहे, बाकी काही नाही."

"काका," दादा काकुळतीला येऊन म्हणाला, "निदान पेटी उघडायची मजा तरी घेऊ द्या."

"उघडा. रिकामी आहे."

उघडली. रिकामी होती. मी मनातल्या मनात काकांना कुऱ्हाड घातली. सतरा पाडून मी पोलादी पहारेकरी आडवा केला तेव्हा तेवढा काय तो जीव आला खेळात, पण त्याचा कमरपट्टा उचकटायच्या आधीच काकांनी सांगून टाकलं की किल्ली त्याच्याकडे नाही, मागच्या भिंतीत आहे. आम्ही थकलो, दादानं झोपायचं म्हटलं, आणि वहिनीनं ओठ कसे फुटतील ते सांगितलं, तेव्हा मात्र काका सावरून बसले. "हे बरं आहे," ते म्हणाले. "हे मला सुचायला हवं होतं." माझा जीव भांड्यात पडला. पण दोन खोल्यांनंतर पुन्हा तेच. त्यांनी घड्याळ बघितलं. चष्म्याचं घर खिशात टाकलं. मग पायाशी ठेवलेल्या पिशवीचा बंद हातात घेतला. वहिनीचं सगळं लक्ष त्या हाताकडे होतं. तिचा आवाज अधिकाधिक बारीक होत चालला होता, आणि मला तिच्याकडे बघवेना. एवढी मान मोडून काम केलं, शब्दन् शब्द राखला, आणि तो इमानदारपणाच आता मुळावर उठला होता.

"तुम्ही बागेत येता," वहिनी म्हणाली. "मिठाची झाडं. खाली मिठाची जमीन, तिच्यावर सरळ ओळी ओढलेल्या. एक म्हातारा माळी पाठमोरा उभा राहून जमिनीवर दाताळं फिरवतोय."

या माळ्याची मूर्तीसुद्धा तिनं केली नव्हती. मूळ पुस्तकात त्याला उणीपुरी दोन वाक्यं होती: कुणाच्या अध्यात ना मध्यात, कसलाही फटका लागला की मरतो. वहिनीनं डब्यातली एक ॲक्रिलिकची दाढ उचलली आणि त्याच्या जागी उभी केली.

"पुढचं दार याच्या मागे आहे," काका जांभई दाबत म्हणाले. "बाजूला हो म्हटलं की होतो, पण आता कोण बोलत बसणार? मी काठी मारतो. मग उजवीकडचं दार, मग राणी, मग मी निघतो."

त्यांनी फासा टाकला. अकरा.

वहिनीनं पानावर बोट फिरवलं. "हुकली."

"हुकली?" काकांनी फाशाकडे वाकून बघितलं. "अकरा पडलेत."

"हुकली, काका."

"बरं." पुन्हा फासा. चौदा.

"हुकली. माळी वळतो आणि तुमच्या पायावर दाताळं मारतो." तिनं माळ्यासाठी फासा टाकला. "लागलं. रक्त येतंय."

काकांनी पिशवीचा बंद सोडला. मी म्हटलं, आता माझी पाळी, आणि कुऱ्हाड उचलली. सतरा! मघाशी सतरानंच पोलादी पहारेकरी आडवा झाला होता! मी हात वर करून ओरडायच्या बेतात होते.

"हुकली," वहिनी म्हणाली आणि तिचं बोट पानावर थिजलं.

मी तिच्याकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते. त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मान तिरकी करून पान वाचलं. माळ्याचा संरक्षण-अंक एकोणीस, आणि त्यावर पेन्सिलीचं टिंब नव्हतं. राक्षसांचे, पहारेकऱ्यांचे, राणीचेसुद्धा अंक पुस्तकाच्या शेवटी एका तक्त्यात होते, ते तिनं एकूण एक उलटले होते. पण माळी त्या तक्त्यात नव्हताच. त्याच्याशी कोण लढणार म्हणून त्याचा अंक खोलीच्या वर्णनात जाता जाता दिलेला, आणि वहिनीनं तो तसाच्या तसा उतरवला होता. विसातून एकोणीस गेले की उरतो एक. म्हणजे फुंकर मारली तरी पडायला हवा असा तो म्हातारा सगळ्या महालात सर्वांत अभेद्य होऊन बसला होता. पोलादी पहारेकरी, खुद्द राणी, सगळे त्याच्यापुढे किस झाड की पत्ती!

वहिनी बोलणार, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला आणि चांगला दाबला. तिनं ओठ आवळले, तरी बोललीच. "काका, जरा थांबा. माझी इथं—"

"एक अक्षर सांगू नका!" काका उभे राहिले.

मला त्यांची अट आठवली: उठलो की समजायचं, परवानगी नाही. पण काकांनी पिशवी उचलली नाही. त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि नकाशावरच्या त्या दाढेकडे वाकून बघायला लागले. भुवया कपाळावर चढलेल्या, डोळे लख्ख उघडे.

"कोण आहे हा?" ते पुटपुटले. "याला मी खोली रिकामी दिसू नये म्हणून टाकला होता. मिठात कसली आलीय बाग? कुणी कधी विचारलंच नाही. मीपण नाही." मग त्यांचा आवाज एकदम बदलला, मांत्रिकाचा झाला. "माळीबुवा, आमचं काय चुकलं?"

वहिनी घाबरली. मनाचं काही घालायचं म्हटलं की तिच्या जिवावर येतं. ज्या बाईनं एक दार हलवलं नाही ती आता माळ्याच्या तोंडात काय घालणार? ती नकाशाकडे बघत राहिली. आमच्या मूर्ती बागेच्या मधोमध, ओढलेल्या ओळींवर उभ्या होत्या.

"तुम्ही माझ्या ओळीवर पाय दिलात," ती म्हणाली.

दादाच्या अंगावर काटा आला, त्यानं मला हात दाखवला. काकांनी झटकन आपली मूर्ती उचलून ओळीच्या बाजूला ठेवली, खरोखरच कुणाचं अंगण तुडवल्यासारखी. "मग पुढे कसं जायचं?"

"पुढे कुणी जात नाही. मी ओळी पुसतो, पुन्हा ओढतो. आत झोपलेल्यांना जाग येऊ नये म्हणून."

"हे त्यानं कधी सांगितलं नाही मला!" काका आमच्याकडे वळून म्हणाले, जणू शेजारचा माणूस इतकी वर्षं काहीतरी लपवत होता. आणि मग जो खेळ रंगला! मी डावीकडून शिरले, दाताळं खाल्लं. दादानं माळ्याला पाणी देऊ केलं, माळ्यानं ते मिठावर ओतून टाकलं. काकांनी मंत्र टाकला, तो फुकट गेला. मी पुन्हा कुऱ्हाड फिरवली, पंधरा, हुकली. आम्ही तिघंही खुर्च्या सोडून टेबलावर ओणवे झालो होतो. चहा निवून गेला, कुणाचं लक्ष नव्हतं. दादा म्हणाला, पळू या. मी म्हटलं, कुऱ्हाडवाली पळत नाही. काका म्हणाले, "तुम्ही व्हा मागे. माझा जीव आता एका फटक्यापुरता उरलाय. मीच मारतो."

त्यांनी फासा दोन्ही हातांत घोळवला. फासा टेबलभर गडगडत गेला, प्लॅस्टरच्या वाटीला आपटला आणि थांबला. अठरा.

आम्ही तिघं एकदम किंचाळलो. वहिनी रडकुंडीला आली होती. "हुकली," ती म्हणाली.

दाताळं लागलं. मेणातला मांत्रिक वहिनीनं हलक्या हातानं आडवा केला. काका मेले.

काका त्या आडव्या मूर्तीकडे बघत बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते असे हसले की शेल्फवरचे जबडे खडखडले. "मेलो!" ते म्हणाले. "माझ्याच महालात! माझ्याच माळ्याच्या हातून! छापा! उद्याच छापायला द्या!"

मी टेबलाखालून पुन्हा वहिनीचा पाय दाबला. पण ती माझी वहिनी. टोचणारी कवळी तिनं आजवर एकाही माणसाला दिलेली नाही.

"काका, थांबा. ते खरं नव्हतं. मी त्याचा अंक उलटायला विसरले. तो एका फटक्यात मरायला हवा होता. तुमच्या पहिल्याच अकराला." तिनं पान फिरवून त्यांच्यासमोर धरलं. "मी मघाशीच सांगणार होते."

मला तिचा गळा दाबावासा वाटला. झालेली परवानगी स्वतःच्या हातानं परत करणारी माणसं जगात असतात, हे मी त्या दिवशी माझ्या डोळ्यांनी बघितलं. काकांनी चष्मा लावला, अंक वाचला, चष्मा काढला.

"म्हणजे ही चूक होती."

"हो."

"कुणालाच ठाऊक नव्हतं तो कोण आहे. तुम्हालाही नाही."

"मलाही नाही."

काका खुर्चीत बसले. "तुम्हाला सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले, "हे पुस्तक आल्यापासून लोक मला रस्त्यात अडवून सांगतात, काका, तुमच्या महालात मी खड्ड्यात पडून मेलो, मी विषानं मेलो, मला राणीनं मारलं. तोंड असं फुललेलं असतं त्यांचं! आणि मी नुसता ऐकतो. मला कधी आत जाताच आलं नाही. कुठल्या दारामागे काय आहे ते ठाऊक असलेला माणूस आत जाणार कसा? आज गेलो."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कामाचं बोलायचं ती सोडेना. "छापायच्या आधी मी तो अंक दुरुस्त करीन, काका. शब्द देते."

"खबरदार!" काकांनी टेबलावर मूठ आपटली. "बाकी सगळं छापा. पण त्या एकोणीसला हात लावलात तर परवानगी नाही!"

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला. काकूंचा आवाज आम्हाला टेबलापलीकडे ऐकू येत होता, कधी येताय, जेवायला थांबलेय. काका मात्र फोनवर बोलता बोलता पिशवी पायानं भिंतीकडे सरकवत होते आणि दुसऱ्या हातानं वहिनीकडे मेणाचा गोळा मागत होते.

"अगं, तू जेवून घे. मी मेलो... नाही नाही, तब्येत उत्तम आहे. माळ्यानं मारलं... आपल्याच! आता नवा माणूस करतोय आणि परत आत जातोय."